दोनदा केस कापून घेणारा माणूस

अर्धी वाट सरली तरी वन्संनी नाटकाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. वहिनीला मात्र अजून हसू आवरत नव्हतं. दुपारचा प्रयोग बघून दोघी नणंद-भावजय पायीच घरी निघाल्या होत्या. नाटकातला लाजरा माणूस नुसता पत्ता विचारायला न्हाव्याच्या दुकानात शिरतो. न्हावी म्हणतो, “या, बसा.” आणि सकाळीच केस कापून घेतलेला तो बापडा मुकाट खुर्चीत बसतो! सगळं नाट्यगृह खो-खो हसलं. वन्सं तेवढ्या हसल्या नव्हत्या.

“इतकं कुणी लाजतं का हो, वन्सं? देवानं तोंड काय नुसतं जेवायला दिलंय?”

वन्सं कपड्यांच्या कारखान्यात हातानं बटणांची काजं करायच्या. वीस वर्षं एकाच खिडकीपाशी, एकाच स्टुलावर. घरी पाहुणे आले की त्यांना आत भांडी आठवायची. स्वभावच तो, असं सगळे म्हणायचे.

“लाजत नाही तो,” वन्सं म्हणाल्या. “वाक्य जुळवत असतो. ते जुळेपर्यंत गळ्याभोवती कापड बांधून झालेलं असतं. मग उठायचं कसं?”

वहिनी थबकलीच. एका दमात इतकं बोलणं! “तुम्हाला कसं ठाऊक?”

“या चष्म्यातून मला सुईचं नेढं दिसत नाही. पहिल्या दिवसापासून.”

“अगंबाई! दोन वर्षं झाली की हा चष्मा घेऊन!”

“चाचपून ओवते. पण आता काजं वाकडी जायला लागलीत. मालकीणबाई म्हणाल्या, सोमवारपासून काजं दुसरीकडे देते, तुम्ही नुसते धागे कापा.”

“मग तेव्हाच सांगायचं ना चष्मेवाल्याला!”

“सांगणारच होते गं. त्यानं विचारलं, नीट दिसतंय ना? मी जुळवत होते. तेवढ्यात तूच म्हणालीस, ‘हो हो, छान दिसतंय त्यांना.’”

वहिनीचा चेहरा पडला. डॉक्टरकडे, दुकानात, सगळीकडे घरचे वन्संच्या वतीनं बोलायचे. त्यांना त्रास नको म्हणून. तिला तर ते पुण्याचं काम वाटायचं.

“म्हणजे न्हाव्याला ‘कापा, कापा’ म्हणणारी मीच की!”

आता वन्सं हसल्या. खळखळून. मग त्यांनीच विचारलं,

“उद्या चष्मेवाल्याकडे येशील?”

“येते की. चांगली झापते मेल्याला.”

“तसं नको. तू नुसती शेजारी बस. मला कितीही वेळ लागू दे, तो जांभया देऊ दे, पण माझं वाक्य मलाच बोलू दे.”