सूर चढवला कोणी

पाचशेव्या प्रयोगाच्या पुस्तिकेत शिट्टीबद्दल मी चार ओळी लिहाव्यात, असं ठरलंय. ती नाटकाची नायिका, माझी भाची, आणि पियानोवर मी असतो, म्हणून. मला नीट जमेल असं वाटत नाही. त्यातून जी गोष्ट सांगायची, तीच मला धड कळलेली नाही.

शिट्टी हे नाव तिच्या आईने, म्हणजे माझ्या बहिणीने ठेवलं. बहीण लॉन्ड्रीत इस्त्री करायची. ही पोर चादरींच्या घड्या घालता घालता मशीनच्या घरघरीवर आवाज चढवून गायची.

"अगं शिट्टी, गिऱ्हाईक पळेल," बहीण म्हणायची. गिऱ्हाईक उलट रेंगाळायचं.

अठराव्या वर्षी मीच तिला आमच्या नाटक मंडळीच्या कोरसमध्ये घुसवलं. सहा वर्षं ती मागच्या रांगेत उभी होती. मग या नाटकासाठी नायिकेची निवड निघाली. बहिणीने बजावलं, "या खेपेला नाही जमलं तर गुपचूप इस्त्रीला ये. माझे हात आता चालत नाहीत."

आमच्या दिग्दर्शकांची एक पद्धत होती. निवडीच्या वेळी पियानोवर एकच स्वर द्यायचा, गाणाऱ्याने तिथून उचलायचं, आणि साथ फक्त शेवटच्या कडव्याला. शिट्टीची पट्टी मला झोपेतही सापडली असती. पण तिला पुकारलं आणि माझ्याच हातांना घाम सुटला. स्वर दिला, ती गायला लागली. शेवटच्या कडव्याला साथ धरली तेव्हा कळलं, आपण दोन पट्ट्या वर आहोत. इतक्या उंच तिचा आवाज कधी गेला नव्हता. त्या दिवशी गेला. जरासा फाटला, आणि कागदात डोकं घातलेल्या दिग्दर्शकांनी मान वर केली. भूमिका तिला मिळाली, आणि नाटकातही ते गाणं त्याच वरच्या पट्टीत राहिलं.

मी चुकीचा स्वर दिला आणि पोरीचा घात होता होता वाचला, हे मी नऊ वर्षं पोटात ठेवलं. परवा रंगपटात सांगून टाकलं. ती केसांना पिना लावत होती.

"काहीतरीच काय, मामा. स्वर तू बरोबर दिलास. घाबरून मीच वरून उचललं. तू निमूट मागे आलास, म्हणून निभावलं. पहिल्या प्रयोगाची फुलं तुला उगाच दिली होती?"

"मला वाटलं, मामा म्हणून."

"मामा म्हणून मोजे दिले होते."

पोशाखाच्या चुण्या तपासत बसलेली बहीण म्हणाली, "भांडू नका. चुकलं कोण का असेना, माझी इस्त्री सुटली."

पुस्तिकेत काय लिहू, विचारलं. शिट्टी म्हणाली, "मामाने सांभाळलं, असं लिही."

तसं असेल तर बरंच आहे. पण तो चुकीचा स्वर माझ्या बोटांना अजून आठवतो. की नंतर नऊ वर्षं तोच वाजवला, म्हणून आठवतो?

त्या संध्याकाळी तिसरी घंटा झाली. मी पियानोवर बसलो. पडद्याआडून तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी स्वर दिला. तोच, वरचा.