निळं जाईना

"खालचा सर्वे जरा फिका कर. लोकांना बिल्डिंग दिसू दे," असं म्हणून साहेब साइटवर निघून गेले. चहा निवायच्या आत व्हावं असं ते काम. मला त्याने आठवडाभर छळलं.

विरारला एका आर्किटेक्टकडे मी ड्राफ्ट्समन आहे. या कामातच केस पिकले. पण त्या दिवशी स्क्रीनवर होती ती आमचीच वाडी होती, आगाशीच्या अलीकडची. थोरला भाऊ गेल्यापासून ती माझी आणि वहिनीची. बिल्डरशी बोलणी मी केली, काम आमच्या ऑफिसात मीच आणलं. फ्लॅट मलाही मिळणार होते, वहिनीलाही. फक्त तिची सही राहिली होती. ती एवढंच म्हणाली होती, "भावोजी, बावखल राहत असेल तर म्हणाल तिथे सही करते."

बावखल म्हणजे वाडीच्या मधोमध खणलेलं पाण्याचं तळं. विहिरीपेक्षा कितीतरी रुंद, काठावर बसून पाय बुडवता येतील असं. पावसाळ्यात भरतं आणि पुढे वाडी त्यावर जगते. वहिनीचा सोनचाफा, केळी, अळू, सगळं त्याच पाण्यावर. आणि नव्या प्लॅनमध्ये बरोबर त्याच जागी गाड्यांचं पार्किंग आलं होतं.

ते मला माहीत नव्हतं असं नाही. प्लॅन मीच काढला होता.

साहेबांना बिल्डिंग उठून दिसायला हवी होती, बस. बावखल दिसू नये ही गरज माझी होती. हे कुणाला बोललो नाही. मी तसाही बोलणारा माणूस नाही. न बोलण्याचा फायदा असा, की लोक तुम्हाला सरळ समजतात.

जुना सर्वे, म्हणजे वाडीच्या मोजणीचा नकाशा, नव्या प्लॅनखाली अंथरलेला होता. याला आम्ही एक्सरेफ म्हणतो. ट्रेसिंग पेपरखाली दुसरा कागद ठेवावा तसं. खालचं दिसतं, पण वरून ते पुसता येत नाही. फार तर फिकं करता येतं. मी फिकं केलं. स्क्रीनवर सगळं धुक्यात गेल्यासारखं छान दिसलं. प्रिंट काढली तर खालचं सगळं ढळढळीत उमटलेलं.

शेजारच्या टेबलावरची ज्युनिअर आर्किटेक्ट हसली. "काका, ते फिकं फक्त स्क्रीनवर असतं. प्रिंटरला काय पडलंय? एवढी वर्षं करताय आणि हे विसरलात?"

विसरलो होतो खरा. मग एकेका लेअरला, म्हणजे एकत्र ठेवलेल्या रेषांच्या थराला, धरून राखाडी रंग दिला. कुंपण, झाडं, पायवाट, घर. फाइल बंद करून सकाळी उघडली तर सगळे रंग पुन्हा होते तसे. खालच्या ड्रॉइंगने आपलेच रंग परत आणले होते. पुन्हा केलं, पुन्हा तेच. चिडून माउस आपटला. एका जुन्या सेटिंगचा तो घोळ होता. ते सापडलं, बदललं, आता राखाडी राखाडीच राहू लागलं.

बावखल सोडून. ते निळंच.

सगळी वाडी राखेसारखी झालेली आणि मध्ये तो वेडावाकडा निळा आकार. लेअरचा रंग बदलला, तरी निळा. लेअर बंद केला तर सोबत त्याच लेअरवरचा पंप आणि चाफ्याची रांगही गायब. ते साहेबांच्या नजरेत आलं असतं. शिव्या घातल्या मी त्याला. कुठल्या गाढवाने हे काढलंय, असं मोठ्याने म्हणालो.

"काका, काढणाऱ्याचं नाव तर तुमचंच दिसतंय," ती पोरगी म्हणाली.

तो सर्वे माझाच होता, रागात विसरलो होतो. कॉम्प्युटरवर काढलेलं माझं अगदी पहिलं ड्रॉइंग. क्लासला जात होतो, सराव म्हणून घरचीच वाडी मोजली. टेपचं दुसरं टोक धरून दादा बावखलाच्या काठाकाठाने चालला होता, लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून. संध्याकाळी क्लासच्या मशिनवर त्याला नेऊन दाखवलं तर म्हणाला, "पानी काळं कशाला काढलंस? निळं कर." लेअर म्हणजे काय ते तेव्हा मला नीट कळत नव्हतं. सरळ त्या रेषेलाच पकडून निळा रंग देऊन टाकला. शिकाऊ माणसाची चूक. ज्या रेषेला स्वतःचा रंग दिलाय ती लेअरचं ऐकत नाही.

इथे तरी मी थांबायला हवं होतं. उलट जिद्दीला पेटलो. शोधत शोधत शेवटी एक सेटिंग मिळालं, ज्याचं कामच हे: खालच्या ड्रॉइंगमधल्या रेषांना त्यांचा स्वतःचा रंग विसरायला लावायचा. ते चालू केलं. बावखल राखाडी झालं, पार्किंगच्या रेषांत मिसळून गेलं. मला बरं वाटलं, हेही लिहायला हवं.

रविवारी प्रिंट घेऊन वाडीत गेलो. वहिनी ओट्यावर चाफ्याच्या कळ्या निवडत होती. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, इथे जरा सरळ करून लिहितोय. तिने हात पुसून कागद मांडीवर घेतला.

"बावखल कुठाय यात?"

"इथे मध्येच. फिकं आलंय जरा. दिसत नसलं तरी आहे."

तिने चष्मा पदराने पुसला. कागद उजेडाकडे धरला, जवळ नेला, लांब नेला.

"मला नाही हो दिसत. डोळे गेले वाटतं माझे." मग कागद घडी करून माझ्या हातात दिला. "आज सही नको. न दिसता कशी करू? नंबर तपासून येते, मग करते."

दुसऱ्या दिवशी तिला बस स्टॉपवर मीच स्कूटरने सोडलं. डॉक्टरांनी नंबर तोच आहे म्हणून सांगितलं, तर ती जास्तच घाबरून परत आली. आता मुंबईला मोठ्या डॉक्टरकडे जायचं म्हणाली. "यांचंही असंच झालं होतं. आधी नजर, मग साखर, मग किडनी. इथल्या डॉक्टरला तेव्हा तरी कुठे कळलं होतं?"

मग मात्र मला गप्प बसता येईना.

"वहिनी, डोळे ठीक आहेत तुमचे. रंग मी काढलाय."

"म्हणजे?"

"बावखलाचा. तुम्हाला दिसू नये म्हणून."

तिने चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाली, "आणि डोळे तपासायला मला स्कूटरवर बसवून नेलंत? पेट्रोल जाळून?"

मी स्कूटरची किल्ली खिशात टाकली.

"खरं काढून आणा. जसं होतं तसं."

ऑफिसात जाऊन ते सेटिंग बंद केलं. जे घालवायला आठवडा घातला ते निळं एका टिचकीत परत आलं. त्याचाही मला रागच आला, खोटं का सांगू.

नवी प्रिंट मी तिच्यासमोर धरली. ती झोपाळ्यावर होती, चष्माही लावला नव्हता.

"हां. हे यांनी सांगितलेलं निळं." मग उठून जवळ आली, वरच्या रेषांवरून बोट फिरवलं. "आणि ह्या चौकटी?"

"गाड्या."

"पाण्यात उभ्या करणार?"

"बुजवून."

"मग सही नाही," ती म्हणाली आणि आत गेली.

पार्किंग हलवलं तर बिल्डिंग लहान होते आणि माझ्या वाटणीचा एक फ्लॅट जातो. बिल्डर तयार होईल की नाही माहीत नाही. साहेबांना अजून काहीच सांगितलेलं नाही. उद्या सांगायचंय, सगळंच. मी प्रिंटची गुंडाळी करत होतो, तेवढ्यात वहिनीने चहाचा कप आणून समोर ठेवला.

"साखर घातलीय, भावोजी. दिसत नसली तरी आहे."

मी प्यायलो. साखर नव्हती.