आईकडे आईची तक्रार

“स्पास्टिक डायप्लेजिया,” सावंगीच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि माझा चेहरा पाहून सोपं केलं. मेंदूकडून पायांना जाणारा निरोप नीट पोचत नाही, म्हणून दोन्ही पायांचे स्नायू कडक राहतात. माझी अनू चार वर्षांची होऊनही टाच टेकत नव्हती, त्याचं कारण हे.

“औषधानं हे जाणार नाही. स्ट्रेचिंग करायचं, म्हणजे स्नायूंना ताण द्यायचा. रोज, घरी. नाही केलं तर स्नायू आखडत जातील, मग ऑपरेशन.”

रोज कोण करणार? मीच. अनूच्या पहिल्या वाढदिवसाआधीच तिचे बाबा आम्हाला सोडून गेले. समुद्रपूरजवळच्या गावात मी आणि ती, दोघीच.

अनू पायाला हात लावू देत नव्हती. चावायची, केस ओढायची, गुडघा सरळ करायला घेतला की गल्ली गोळा होईल असं रडायची. दवाखान्यातही तेच. तिथे आमच्याच वेळेला हिंगणघाटचं एक जोडपं यायचं. त्यांच्या मुलालाही हाच आजार, तोही असाच रडायचा. त्याची आई पाय धरायची आणि झालं की बाप त्याला खांद्यावर घेऊन बाहेर न्यायचा. पोरगं बापाच्या कानात आईच्या चहाड्या सांगायचं आणि ती बाई खुशाल बाकावर बसून डब्यातली पोळी खायची.

माझा नुसता जळफळाट व्हायचा. त्या मुलाच्या पायांवरून नाही, त्या पोळीवरून. अनूला दुखवणारी मी आणि तिनं रडत यायचं तेही माझ्याचकडे. ती का येईल? भिंतीकडे तोंड करून बसायची. ती बाई माझ्याकडे पाहून हसायची. मी एकदाही हसले नाही.

एका संध्याकाळी घरी व्यायाम घेताना अनू किंचाळली, “सोड! आईले तुयं नाव सांगीन!”

माझे हात थांबले. मग मी म्हटलं, “सांगजो.”

कापूस वेचायला जाताना मी साडीवर एक शर्ट घालते. तिच्या बापाचाच, इथे राहून गेलेला. दुसऱ्या दिवसापासून व्यायामाच्या वेळीही तो चढवू लागले. शर्ट अंगावर असला की मी व्यायाम घेणारी मॅडम, काढला की आई. अनूला हे लगेच पटलं. शर्ट खुंटीला गेला की ती माझ्या मांडीत शिरायची.

“आई, ते मॅडम लय खराब आहे.”

“हो ना बाई. काऊन अशी करते ते?”

रडणं सुरूच होतं, चावणं मात्र बंद झालं. तुमच्याही घरी एकच माणूस असेल तर करून पाहा. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते हसले. “चालू ठेवा. टाचा खाली येऊन राहिल्या.”

फक्त एक सांगून ठेवते. परवा अनू भिंतीला धरून उभी राहिली, हात सोडला आणि टाचा टेकून दोन पावलं चालली. मी गॅस तसाच सोडून तिला उचलायला धावले. तिनं मला ढकललं.

“तू नाई! मॅडमले बोलाव. तिले दाखवाचं आहे.”

मॅडमचा मला जेवढा राग आला तेवढा त्या हिंगणघाटच्या बाईचाही कधी आला नव्हता. डोळे पुसले. शर्ट घातला.

“दाखव,” मी म्हटलं.

अनू मॅडमकडे चालत आली.