काळा पडदा

पोलादपूरच्या माझ्या टायपिंगच्या दुकानात दर गुरुवारी महाडहून कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक माणूस यायचा. मशीन सुरू झालं की दोन पर्याय विचारायचं: नुसत्या अक्षरांचा काळा पडदा, की चित्रांचा रंगीत. मी रंगीत निवडायचो. तो मात्र मला न विचारता काळा लावायचा आणि माउस उचलून खिडकीत ठेवायचा. "चित्रं म्हंजे टाइमपास. काम अक्षरात हाय," हे ठरलेलं. मला राग यायचा, पण त्याची दुरुस्ती चोख असायची.

एका गुरुवारी तो बराच वेळ काळ्या पडद्याला नाक लावून बसला. टाइप केलेलं दोनदा चुकलं. मग त्यानं मशीन पुन्हा सुरू केलं, रंगीत पडदा लावला आणि अक्षरं दुप्पट मोठी केली. खिडकीतला माउसही स्वतःच आणून जोडला.

"आता हेच राहू द्या," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "काळ्यात अक्षर मोठं होत नाय. तुमच्या डोळ्यांना तरास नको."

"बरं केलंत," मी म्हणालो.

तेव्हा मला खुर्चीत बसून रस्त्यापलीकडच्या एसटीची पाटी वाचता येत होती.