झाकणाला चिकटलेला ससा

आमच्या बंदरात इवाओसारखी जाळ्याची गाठ मारणारा दुसरा नाही. पण नोरीच्या, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या, काळ्या पापुद्र्यातून डब्यातल्या भाताच्या सशाचे डोळे कापताना त्या पहाटे त्याचीच बोटं चुकत होती.

त्याची बायको सात्सुकी शहरातल्या दवाखान्यात पडून होती. ती तिकडे गेल्यापासून त्यांची पाच वर्षांची चिनात्सु बालवाडीत डबा उघडायची, बघायची आणि न खाता झाकायची. संध्याकाळी इवाओनं पिशवीतून काढला, की डबा जडच लागायचा. आईचा उतरलेला चेहरा बघून पोर भिईल, म्हणून तिला त्यानं एकदाही तिकडे नेलं नव्हतं.

"आई करायची तसा ससा हवा," एवढंच ती म्हणाली होती.

त्यानं भाताचा ससा वळला, डोळे-तोंड लावलं, गालांवर खारवलेल्या आलूबुखाराचे लाल ठिपके दिले. धक्क्यावरून बोटीचा भोंगा आला. त्यानं झाकण दाबून बसवलं आणि पळाला.

संध्याकाळी डबा जडच.

"त्याला तोंडच नव्हतं, बाबा. नुसता भात होता."

इवाओनं झाकण उलटं केलं. डोळे आणि तोंड तिथं, आक्रसून चिकटलेले.

पोरीला ने-आण करणारी शेजारची तोमे आजी दारातच होती. "वाफाळत्या भातावर झाकण घातलंस? पोरीला काय बोटीवर पाठवतोस?"

"आम्ही बोटीवर गरमच झाकतो, आजी. गारठ्यात तेवढीच ऊब."

"बोटीवरच्या भाताला तोंड नसतं रे, बाबा!"

ती हसली, पण चिनात्सुकडे बघून तिनं हसू आवरलं.

दुसऱ्या पहाटे इवाओ भातापुढे मांडी घालून पंखा हलवत बसला. भोंगा वाजला. पुन्हा वाजला. मग दर्यावर बोटीचा आवाज लांब लांब होत गेला. इतक्या वर्षांत बोट त्याच्यावाचून गेली नव्हती. त्यानं पंखा खाली ठेवला नाही. भात गार झाल्यावरच सशाला डोळे दिले.

त्या संध्याकाळी डबा हलका लागला. इवाओनं घाईनं उघडला. अंड्याची गुंडाळी संपली होती, सशाचे कान, पोटही संपलं होतं. डोळ्यांसकट, गालांसकट तोंड तेवढं कोपऱ्यात, जसंच्या तसं.

"हे का ठेवलंस गं?"

"आईला दाखवायचंय. मग खाईन."

तोमे आजीनं खुंटीवरचा पोरीचा कोट काढून इवाओच्या हातात दिला.

शहराच्या बसमध्ये चिनात्सु डबा मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसली होती. वळणावर बस कलली, की तीही डब्यासकट कलायची.

"बाबा, आई ओळखेल ना याला?"

"ओळखेल," इवाओ म्हणाला. पण पोर आईला ओळखेल का, या विचारात पुढच्या वळणावर त्यानंही डबा धरला.