मधेच वायर ओढणाऱ्या मॅडम

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार मुलाणी मॅडमचे. भोरच्या त्यांच्या छोट्या ऑफिसात आम्ही कुणी नवी वेबसाइट दाखवू लागलो, की त्या ऐन मधे डेटाबेसच्या मशीनची वायर ओढायच्या आणि शांतपणे विचारायच्या, "आता सांग, आत काय उरलं?"

धरणग्रस्तांच्या प्लॉटांची जुनी वेबसाइट नव्याने लिहायचं काम आलं तेव्हा मी तिथं नवीनच होतो. आमचं गुंजवण्याकडचं घर धरणात गेलेलं. काकांच्या शेजारी राहता यावं म्हणून दादांनी, म्हणजे वडिलांनी, प्लॉट बदलून मागितला होता. बदलाच्या नोंदी दोन: जुना प्लॉट नावावरून काढायचा, नवा चढवायचा. मधे लाईट गेली, तर माणसाकडे दोन्हीही नाहीत. म्हणून मी दोन्ही नोंदी एका ट्रान्झॅक्शनमध्ये बांधल्या. झाल्या तर दोन्ही, नाहीतर एकही नाही.

चाचणीला मी दादांचंच नाव घेतलं. मॅडमनी वायर ओढली, परत जोडली. दादांच्या नावापुढं कुठलाच प्लॉट नव्हता.

मी कोड पुन्हा पुन्हा वाचला. चूक सापडेना. मॅडम मात्र कोडकडे बघतच नव्हत्या. "कोड नवा आहे रे, आतली टेबलं, म्हणजे नोंदींचे तक्ते, जुन्या प्रकारची आहेत. त्यांना अर्धवट नोंद मागे घ्या म्हटलं, की ती हो म्हणतात आणि काही करत नाहीत." मी थक्क झालो. मला हे कुठल्याच पुस्तकात दिसलं नव्हतं.

सगळी टेबलं बदलायला वेळ हवा होता, आणि उद्घाटन दुसऱ्याच दिवशी. काम देणारे पुनर्वसन खात्याचे साहेब चिडले, दिसतंय तर सगळं नीट चाललेलं, म्हणाले. मॅडमचं माहेर वेल्ह्याकडचं. त्या म्हणाल्या, "साहेब, आमच्याकडं खाचरात चिखलणी झाल्याशिवाय भाताचं रोप उपटत नाहीत. उपटून बांधावर ठेवलं तर ते वाळतं. ही माणसं एकदा उपटलेली आहेत."

उद्घाटन पुढं गेलं. पुढचं काम आम्हाला मिळालं नाही. वर्षभरात ऑफिस बंद झालं, मॅडम मुलीकडे सोलापूरला गेल्या. मी त्यांना पत्र लिहिलं:

"आदरणीय मॅडम, नमस्कार. मागितलेला प्लॉट मिळाला, घर झालं. काकांचं आणि आमचं अंगण एकच आहे. दादांना ट्रान्झॅक्शन समजावून सांगत होतो, तर म्हणाले, 'ते ऱ्हाऊ दे. बाईंना लिव्ह, औंदा एक रोजा आमच्या अंगणात सोडायचा. खजूर म्या आणून ठिवलाय.'"