नव्या हॉटेलातला वरणभात

गावात नवं हॉटेल उघडलं की मी तिथे पहिल्यांदा साधा वरणभात मागवतो. परवाही मागवला.

"एवढं नटूनथटून आलो ते वरणभात खायला?" असं म्हणत बायकोने स्वतःसाठी कसल्याशा परदेशी नावाचा पदार्थ सांगितला. सांगू दे. झुंबरं काय, कुणीही टांगतं. दाट ग्रेव्हीत आचाऱ्याच्या सगळ्या चुका बुडून जातात. वरणाला मात्र लपायला जागा नसते. माणसंही मी अशीच पारखतो, सणासुदीला नव्हे, एखाद्या साध्या मंगळवारी त्यांच्या घरी जाऊन.

वरणभात आला. तूप आणि हिंगाचा वास टेबलभर पसरला. बायकोने आपली प्लेट बाजूला सारली आणि माझं ताट स्वतःपुढे ओढलं.

मी वेटरला हाक मारली, "अजून एक वरणभात."